गेस्ट रिकामा, होस्ट घामाघूम : व्हर्च्युअल मशीनचा प्रोसेसर झोपत नाही तेव्हा

एका खऱ्या सर्व्हरवर (होस्ट) सॉफ्टवेअरने उभं केलेलं व्हर्च्युअल मशीन (गेस्ट), आणि त्यात विंडोज. त्या विंडोजच्या आत टास्क मॅनेजर म्हणतो, सीपीयू दोन टक्के. बाहेर प्रॉक्समॉक्सचा, म्हणजे होस्टवर ही मशिनं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आलेख त्याच मशीनसाठी वीस-पंचवीस टक्क्यांवर आडवा पडलेला. दुपारी दुकानात गर्दी असताना तसाच, रात्री शटर ओढल्यावरही तसाच. होस्टवर टॉप (कोण किती सीपीयू खातंय ते दाखवणारी कमांड) लावलं की पहिल्या ओळीत केव्हीएमची, म्हणजे लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागाची, प्रोसेस. अँटिव्हायरसचा स्कॅन म्हणावा तर तो नाही, अपडेट म्हणावं तर तेही नाही. मशीन आतून रीस्टार्ट केलं तरी फरक शून्य.

सांगली मार्केट यार्डातली अडत दुकानं, पेठेतल्या पतसंस्था, मिरजेतल्या लॅब, कुपवाड एमआयडीसीतले छोटे कारखाने, सगळीकडे मांडणी साधारण एकसारखी असते. एकच सर्व्हर, पुष्कळदा असेंबल केलेला डेस्कटॉपच. त्यावर प्रॉक्समॉक्स. आणि पूर्वी वेगवेगळ्या डब्यांवर चालणारी तीन-चार विंडोज मशिनं आता त्या एकाच डब्यात कोंबलेली. अशा ठिकाणी ‘वीस-पंचवीस टक्के तर आहेत, चालू द्या’ हे म्हणणं महागात पडतं. प्रॉक्समॉक्सचा टक्का त्या मशीनला दिलेल्या सगळ्या कोअरवर मोजलेला असतो, टॉपचा टक्का एका कोअरवर. म्हणजे चार कोअरच्या मशीनचे पंचवीस टक्के टॉपमध्ये शंभर दिसतात. एक अख्खा कोअर काही न करता गेला.

उष्णतेचा प्रश्न वेगळाच. २०१९ च्या पुरानंतर गणपती पेठेकडच्या बऱ्याच जणांनी सर्व्हर खालच्या मजल्यावरून माळ्यावर नेले. पाण्याची भीती गेली, पण एप्रिल-मेमध्ये डोक्यावर तापलेला पत्रा आला. त्यात लाईट गेली की यूपीएसवर जी काही मिनिटं मिळतात, त्यातली थोडी या रिकाम्या धावपळीत जातात. समजा यामुळे वीस वॅट जादा जात असतील, तर चोवीस तास चालणाऱ्या मशीनवर महिन्याला १४.४ युनिट झाले. बिलात ते फार दिसणार नाहीत. पंख्याच्या आवाजात दिसतात. एका शेठजींनी फोनवर विचारलं होतं, “रात्री दुकानात चिटपाखरू नसतंय, मग ह्यो पंखा कुणासाठी गरगरतोय?” प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता.

रिकामा प्रोसेसर करतो काय

काम संपलं की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसरला हॉल्ट ही सूचना देते. पुढचा इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारा इशारा, येईपर्यंत थांब, एवढाच तिचा अर्थ. साध्या मशीनवर पुढचं सगळं प्रोसेसर स्वतः बघतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र हॉल्ट आली की सहसा व्हीएम एक्झिट होते: कोअर गेस्टच्या हातातून सुटून होस्टच्या केव्हीएमकडे येतो, केव्हीएम त्या व्हीसीपीयूचा (गेस्टला दिलेल्या व्हर्च्युअल कोअरचा) थ्रेड झोपवतो आणि कोअर दुसऱ्या कामाला मोकळा करतो. टायमर वाजला किंवा नेटवर्कवर पॅकेट आलं की होस्टचा शेड्यूलर तो थ्रेड परत कामाला लावतो आणि गेस्ट जिथे थांबला होता तिथून पुढे जातो.

या येण्या-जाण्याचा खर्च गेस्टला दिसत नाही. त्याच्या हिशोबात तो झोपलेला होता. खर्च पडतो होस्टच्या खात्यावर. त्यामुळे टास्क मॅनेजरही खरं बोलतो आणि प्रॉक्समॉक्सही, आणि दोघांतली तफावत हेच निदान. तफावत मोठी असेल तर आत कोण काम करतंय हे शोधण्यात वेळ घालवू नका. याला सारखं उठवतंय कोण, ते शोधा. आत-बाहेर दोन्हीकडे पंचवीसच दिसत असतील तर आत खरोखर कुणीतरी राबतंय. त्याचं नाव टास्क मॅनेजरमध्येच सापडेल, पुढचं वाचायची गरज नाही. याला एक अपवाद आहे, जुन्या डॉस प्रोग्रॅमचा. तो खाली येईल.

आधी मोजा

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.

होस्टवर लिनक्स-परफ पॅकेज टाकून ‘परफ केव्हीएम स्टॅट लाइव्ह’ चालवायचं. एकाच मशीनकडे बघायचं असेल तर डॅश पी देऊन त्या केव्हीएम प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे तिचा नंबर, द्या. १०४ नंबरच्या मशीनचा पीआयडी ‘/व्हार/रन/क्यूएमू-सर्व्हर/१०४.पीआयडी’ या फाइलमध्ये मिळतो. समोर तक्ता येतो: एक्झिट कशामुळे झाल्या, किती वेळा झाल्या, त्यात किती वेळ गेला.

वेळेच्या रकान्यात हॉल्टपुढे नव्वदच्या वर टक्के दिसले की लोक दचकतात. तो झोपेचा वेळ आहे, जेवढा जास्त तेवढं बरं. नजर ठेवायची ती संख्येच्या रकान्यावर. रिकामं, निरोगी विंडोज मशीन सेकंदाला काहीशे वेळा बाहेर येतं. बिघडलेलं हजारोंनी येतं, आणि त्या यादीत हॉल्टच्या जोडीला आयओ इन्स्ट्रक्शन नावाची ओळ फुगलेली असते. एएमडीच्या प्रोसेसरवर याच ओळीचं नाव नुसतं आयओ असं येतं.

ती ओळ फुगलेली दिसली तर त्याच कमांडला ‘--इव्हेंट=आयओपोर्ट’ जोडा. आता पोर्टनिहाय हिशोब मिळेल. बहुतेक वेळा दोन पोर्ट सगळ्यात वर असतात: हेक्समधले ७० आणि ७१. ७० वर लिहिलं जातंय, ७१ वरून वाचलं जातंय, दोन्हींचे आकडे जवळपास सारखे. हे दिसलं की चोर सापडला.

चोर : जुन्या पीसीतलं घड्याळ

७० आणि ७१ हे पोर्ट आरटीसीचे, म्हणजे मदरबोर्डवर बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचे. तारीख-वेळ सांभाळण्याशिवाय ठरावीक अंतराने इंटरप्ट पाठवणं हेही त्याला जमतं. दुसरं चांगलं घड्याळ हाताशी नसलं की विंडोज आपला टिक, म्हणजे वेळ मोजायचा ठोका, यावर चालवतं. एरवी हा टिक १५.६२५ मिलिसेकंदांना एकदा, म्हणजे सेकंदाला चौसष्ट वेळा पडतो. कुठल्याही प्रोग्रॅमने बारीक टायमर मागितला की तो मिलिसेकंदावर येतो आणि सेकंदाला हजाराच्या घरात जातो.

नुसते हजार इंटरप्ट आजच्या प्रोसेसरला जड नाहीत. जड आहे ती इथली पावती फाडण्याची पद्धत. आरटीसीचा इंटरप्ट आला की गेस्टला त्याचं सी नावाचं रजिस्टर वाचावं लागतं, नाहीतर पुढचा इंटरप्ट येतच नाही. वाचायचं कसं? ७० वर रजिस्टरचा नंबर लिहायचा, मग ७१ वरून किंमत घ्यायची. म्हणजे प्रत्येक टिकमागे निदान दोन एक्झिट. आणि हे घड्याळ केव्हीएमच्या कर्नलमधल्या भागात नाही, क्यूएमूच्या, म्हणजे गेस्टला नकली हार्डवेअर पुरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, युजरस्पेसमध्ये (कर्नलच्या बाहेर) आहे. त्यामुळे प्रत्येक एक्झिट कर्नलमध्ये मिटत नाही. गेस्टमधून कर्नल, कर्नलमधून क्यूएमू, आणि परत उलटा प्रवास. सगळं मिळून टिक पडला एवढंच कळण्यासाठी.

२०१८ मध्ये विंडोज १० ची १८०३ ही आवृत्ती आली, तेव्हापासून ही तक्रार एकदम वाढली. त्याआधी बऱ्याच जणांची तीच मशिनं, तेच होस्ट, गुमान चालत होते.

यावरचा उपाय विंडोजला माहीत असतो, फक्त आपण तो पुढे करावा लागतो. विंडोजला हायपर-व्हीखाली, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच हायपरव्हायझरखाली (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या थराखाली), कसं वागायचं ते ठाऊक आहे, आणि क्यूएमू-केव्हीएमला हायपर-व्हीची तेवढी नक्कल करता येते. सिंथेटिक टायमर दिला की विंडोज आरटीसी सोडून तो धरतं. हा टायमर केव्हीएमच्या कर्नल भागातच हाताळला जातो, युजरस्पेसपर्यंतची फेरी वाचते.

प्रॉक्समॉक्समध्ये हे सगळं एका ओळीवर अवलंबून आहे. ‘क्यूएम कॉन्फिग १०४’ केल्यावर ओएसटाइपपुढे, म्हणजे आत कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे या नोंदीपुढे, काय लिहिलंय बघा. विंडोज १० असून तिथे ‘अदर’ किंवा लिनक्सचा ‘एल२६’ असेल, तर प्रॉक्समॉक्स त्या मशीनला हायपर-व्हीचे फ्लॅग देतच नाही. जुना फिजिकल पीसी डिस्कसकट उचलून व्हर्च्युअल केला जातो, तेव्हा डिस्क जोडून मशीन बूट झालं की काम झालं असं धरलं जातं आणि ओएसटाइप ‘अदर’च राहतो. मी बघितलेल्या बहुतेक मशिनांची कुंडली हीच.

दुरुस्ती: ‘क्यूएम सेट १०४ --ओएसटाइप विन१०’. विंडोज ११ असेल तर ‘विन११’. विंडोज सर्व्हर २०१६ आणि २०१९ देखील विन१० च्याच गटात येतात. मग ‘क्यूएम शोकमांड १०४ --प्रिटी’ चालवून सीपीयूच्या ओळीत एचव्ही_एसटायमर, एचव्ही_सिनिक, एचव्ही_व्हीपीइंडेक्स आणि एचव्ही_टाइम ही चार नावं दिसतात का ते बघा. चारही लागतात. एसटायमर हा सिनिकवर टेकलेला आहे, सिनिक व्हीपीइंडेक्सवर.

प्रॉक्समॉक्सऐवजी नुसतं लिबव्हर्ट (मशिनं सांभाळण्याचं दुसरं साधन) वापरणाऱ्यांनी ‘व्हर्श एडिट’ करून हायपरव्हीच्या भागात व्हीपीइंडेक्स, सिनिक आणि एसटायमर ऑन करायचे, आणि क्लॉकच्या भागात हायपरव्हीक्लॉक ‘येस’ व एचपेट ‘नो’ लिहायचं. एचपेट विसरू नका. तेही क्यूएमूच्या युजरस्पेसमधलंच घड्याळ आहे. ते समोर दिसलं तर विंडोज आनंदाने त्याच्या गळ्यात पडतं आणि आपण आगीतून फुफाट्यात.

बदल केला, तरी फरक पडत नाही?

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. ओएसटाइप बदलला, विंडोजमध्ये जाऊन रीस्टार्ट केलं, आलेख जागचा हलला नाही, म्हणून उपाय खोटा ठरवला.

विंडोजच्या आतून रीस्टार्ट केल्यावर बाहेरची क्यूएमू प्रोसेस तीच राहते. नवे फ्लॅग ती प्रोसेस नव्याने सुरू होताना लागतात. मशीन पूर्ण शटडाउन करा, प्रॉक्समॉक्समध्ये ते स्टॉप्ड दिसू द्या, मग स्टार्ट करा. ऑप्शन्सच्या पानावर बदल नारिंगी रंगात अडकून पडलेला दिसत असेल तर तो अजून लागूच झालेला नाही.

दुसरी मेख फास्ट स्टार्टअपची. ते चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज आपला कर्नल हायबरनेट करून डिस्कवर ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलून जागा करतं. त्यामुळे बाहेर प्रोसेस नवी असली तरी आतला कर्नल जुनाच, जुन्या घड्याळाची सवय असलेला. ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ करून हायबरनेट कायमचं बंद करा. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही, वर रॅमच्या प्रमाणात वाढणारी फाइल डिस्क अडवते ती वेगळी.

नंतर परत परफ लावा. ७० आणि ७१ जवळपास नाहीसे झाले पाहिजेत. बहुतेकांचा प्रश्न इथेच मिटतो.

मिटला नाही तर

आता संशयित लहान आहेत, पण एकत्र आले की जाणवतात.

आतल्या एखाद्या प्रोग्रॅमने मिलिसेकंदाचा टायमर धरून ठेवलाय का, ते सिसइंटर्नल्सच्या क्लॉकरेझ या चिमुकल्या हत्याराने कळतं. ‘करंट टायमर इंटरव्हल’ १५.६२५ असेल तर ठीक. १ असेल तर एकेक प्रोग्रॅम बंद करत परत बघा. अशा मशीनवर कुणीतरी ब्राउझरमध्ये व्हिडिओ उघडून ठेवलेला असतो, किंवा रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर कायम मागे चालू असतं.

यूएसबी टॅब्लेट डिव्हाइस हा दुसरा. कन्सोलमध्ये माउसचा बाण नेमका बसावा म्हणून प्रॉक्समॉक्स तो देतं, पण नकली यूएसबी कंट्रोलर त्याच्यासाठी सतत फेऱ्या मारत बसतो. रिमोट डेस्कटॉपनेच काम होत असेल तर ऑप्शन्समध्ये ‘यूज टॅब्लेट फॉर पॉइंटर’ बंद करा. एका मशीनवर थोडाच फरक, पाच-सहा मशिनांवर बरा.

तिसरा मात्र लहान नाही. सीपीयू टाइप ‘होस्ट’ दिलेला आणि आत विंडोज ११, असं असेल तर एमएसइन्फो३२ उघडून व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटीपुढे ‘रनिंग’ आहे का बघा. असेल तर तुमच्या मशीनच्या आत मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर चालू आहे आणि खरं विंडोज त्याच्याही आत बसलंय. आतली प्रत्येक हॉल्ट, प्रत्येक टायमर आता दोन मजले उतरून होस्टपर्यंत येतो आणि दोन मजले चढून परत जातो. ‘होस्ट’ऐवजी ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ दिलं की आत नेस्टिंगची सोय राहत नाही आणि हा थर आपोआप गळतो. पण ती सुरक्षेची सोय आहे हे लक्षात घेऊन ठरवा. अडत दुकानाच्या हिशोबाच्या मशीनवर मी ती काढतो. पतसंस्थेत ठेवीदारांची माहिती असलेल्या मशीनवर आधी ऑडिट बघणाऱ्यांना विचारतो, आणि ते ठेवा म्हणाले तर आलेख वर राहू देतो.

जुने लिनक्स गेस्ट असतील तर तिथला टिकच हजारवर असायचा. सेंटओएस ५ सारख्या मशीनला कर्नल ओळीत ‘डिव्हायडर=१०’ दिलं की तो शंभरवर येतो. त्यानंतरच्या कर्नलांना रिकामं असताना टिक लागत नाही, त्यांचा प्रश्न नाही. फक्त ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’ बघून घ्या; तिथे कुणी ‘आयडल=पोल’ लिहून ठेवलं असेल तर तो गेस्ट कधीच हॉल्ट करणार नाही, जागच्या जागी फिरत राहील.

पट्टीवाल्या सॉफ्टवेअरचा अपवाद

हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, निघते. ती काढणारं सॉफ्टवेअर यार्डात अजूनही कुठे कुठे डॉसमधल्या फॉक्सप्रोचं आहे, एखाद्या एक्सपी मशीनमध्ये जपून ठेवलेलं. मालकाला ते पाठ आहे, मुनीमजींची बोटं डोळे मिटून फिरतात, बदला म्हणून सांगायला गेलं की चहा पाजून वाटेला लावतात. त्यांचं काही चुकत नाही.

गंमत अशी की डॉसच्या काळात मशीनवर एकच प्रोग्रॅम असे. काम नसताना प्रोसेसर दुसऱ्याला द्यायचा, ही कल्पनाच नव्हती. मेन्यू समोर आणून प्रोग्रॅम कीबोर्डला विचारत बसतो: की दाबली? दाबली? दाबली? सेकंदाला लाखो वेळा. इथे हॉल्ट येतच नाही, त्यामुळे केव्हीएमला झोपवायला काही हातातच मिळत नाही. आतही शंभर टक्के, बाहेरही एक पूर्ण कोअर. वरचं टायमरचं सगळं ज्ञान इथे निरुपयोगी.

एक्सपीमध्ये त्या प्रोग्रॅमच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये मिसलेनियस टॅबवर ‘आयडल सेन्सिटिव्हिटी’ची सरकपट्टी असते. ती हायकडे सरकवली की हा प्रोग्रॅम नुसताच कीबोर्ड विचारतोय हे एक्सपी लवकर ओळखतं आणि त्याचा वेळ कापतं. बऱ्याच प्रोग्रॅमना एवढं पुरतं. शुद्ध फ्रीडॉस चालवत असाल तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘आयडलहॉल्ट=१’, किंवा ऑटोएक्झेकमध्ये ‘एफडीएपीएम एपीएमडॉस’. तरीही नाही जमलं तर त्या मशीनला एकच कोअर द्या आणि प्रॉक्समॉक्समध्ये सीपीयू लिमिट अर्ध्यावर ठेवा. पट्टी छापायला अर्धा कोअर चिकार झाला.

होस्टला झोप लागते का

गेस्ट शांत झाले तरी खालचं सिलिकॉन खरंच झोपतंय का, हे टॉपमध्ये दिसत नाही. त्यासाठी टर्बोस्टॅट. डेबियनमध्ये ते लिनक्स-सीपीयूपॉवर पॅकेजबरोबर येतं. सी१, सी६ (कोअरच्या झोपेच्या पायऱ्या, आकडा मोठा तेवढी झोप गाढ) चे रकाने आणि पॅकेज वॅट, म्हणजे अख्ख्या चिपचे वॅट, बघा; बदलाच्या आधीचा आणि नंतरचा आकडा एका कागदावर लिहून ठेवा, पुढे मालकाला दाखवायला उपयोगी पडतो.

गाढ झोपेला किंमत असते. स्कायलेक पिढीच्या झिऑनसाठी लिनक्सच्या इंटेल आयडल ड्रायव्हरमध्ये नोंद आहे: सी६ मधून बाहेर यायला १३३ मायक्रोसेकंद, आणि निदान ६०० मायक्रोसेकंद झोपायला मिळणार असेल तरच सी६ मध्ये जाणं परवडतं. आता दर हजार मायक्रोसेकंदांना उठवणारा एक गेस्ट धरा, त्याचे चार व्हीसीपीयू धरा, असे तीन गेस्ट धरा. रात्रीच्या एसटीत दर थांब्याला दिवा लागावा, तशी गत होते: डोळा लागतो, झोप लागत नाही. एकेक कोअर कधीमधी सी६ गाठेल, पण सगळे कोअर एकाच वेळी शांत असल्याशिवाय पॅकेज खाली उतरत नाही, आणि वॅट खरे वाचतात ते तिथेच. म्हणूनच व्हीसीपीयू उगाच वाढवू नका. दोन कोअरवर सुखाने चालणाऱ्या हिशोबाच्या मशीनला आठ कोअर दिले, की उठवायला आठ जण झाले.

बायोसमध्ये सी-स्टेट कुणी बंद करून ठेवले नाहीत ना, तेही एकदा बघा. परफॉर्मन्स प्रोफाइल निवडली की बऱ्याच बोर्डांवर ते आपोआप बंद होतात.

उलटी तक्रार : झोप लवकर लागते

मिरजेतल्या लॅबमधून येणारी तक्रार नेमकी उलटी असते. डेटाबेस एका लिनक्स मशीनमध्ये, रिपोर्टचं सॉफ्टवेअर दुसऱ्यात. सीपीयू दोन्हीकडे रिकामा, डिस्क रिकामी, तरी एक रिपोर्ट सेव्ह करायला वेळ लागतो. अशा सॉफ्टवेअरमध्ये एका सेव्हमागे शेकडो छोटे सवाल-जवाब असतात. प्रत्येक सवालानंतर व्हीसीपीयू झोपतो, प्रत्येक जवाबाला त्याला उठवावं लागतं. काम कमी, उठबस फार.

यासाठी केव्हीएममध्ये हॉल्ट पोलिंग आहे. गेस्टने हॉल्ट केल्यावर होस्ट लगेच थ्रेड झोपवत नाही. थोडा वेळ जागच्या जागी थांबून बघतो, आत्ता काही आलं तर उठवण्याचा खर्च वाचेल. हा वेळ मागच्या अनुभवावरून वाढतो किंवा घटतो. वरची मर्यादा एचएएलटी_पोल_एनएस या पॅरामीटरमध्ये असते, एक्स८६ वर एरवी २,००,००० नॅनोसेकंद. होस्टच्या त्या कोअरवर दुसरं कुणी रांगेत असेल तर होस्ट थांबत बसत नाही, हा त्याचा समजूतदारपणा.

पण हे थांबणंही होस्टच्या सीपीयूत मोजलं जातं. म्हणजे वरची सगळी दुरुस्ती करूनही तफावत उरली, तर तो काही अंशी हाच वेळ असतो. केव्हीएम_स्टॅटमध्ये पोलिंग यशस्वी झाल्याचा आणि फुकट गेल्याचा, असे दोन वेगवेगळे वेळ दिसतात. फुकट गेलेला वेळ यशस्वीच्या कितीतरी पट असेल तर मर्यादा ५०,००० वर आणा किंवा शून्य करून बघा. ‘/सिस/मॉड्यूल/केव्हीएम/पॅरामीटर्स’ मध्ये लिहिता येतं. काही कर्नलमध्ये चालू मशीनला ते लगेच लागतं, काहींत मशीन बंद करून चालू केल्यावर. तेव्हा बंद-चालू करूनच मोजा. कायम ठेवायचं तर ‘मॉडप्रोब.डी’ मध्ये ऑप्शन्सची ओळ लिहून इनिटरॅमएफएस अपडेट करा.

लॅबच्या डेटाबेससाठी मी वेगळं करतो: पोलिंग गेस्टच्या आतच. लिनक्स ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, सीपीयूआयडल-हॉल्टपोल नावाचा ड्रायव्हर आणि त्याच्या जोडीचा गव्हर्नर आहे. गेस्ट स्वतःच हॉल्ट करण्याआधी थोडा वेळ थांबतो, त्यामुळे एक्झिटच टळते. शिवाय दुसऱ्या व्हीसीपीयूला उठवायला इंटरप्ट पाठवावा लागत नाही, कारण तो जागाच असतो. हा ड्रायव्हर लागला की गेस्ट होस्टला सांगतो की तू आता थांबू नकोस, म्हणजे दुहेरी वाट बघणं होत नाही. ड्रायव्हर स्वतःहून तेव्हाच लागतो, जेव्हा होस्टने या गेस्टचे कोअर राखीव आहेत असा इशारा दिलेला असतो; नाहीतर ‘फोर्स’ देऊन लावावा लागतो. ही अट उगाच नाही. गेस्टला होस्टवरची रांग दिसत नाही, बाहेर दुसरं मशीन कोअरसाठी ताटकळत असलं तरी तो आपला थांबलेलाच असतो. म्हणून एकाच डेटाबेस मशीनला द्या, सगळ्यांना नको.

क्यूएमूला ‘-ओव्हरकमिट सीपीयू-पीएम=ऑन’ देऊन हॉल्ट गेस्टमध्येच मिटवायची सोय आहे. कोअर पिन केलेले, म्हणजे त्या मशीनलाच बांधून दिलेले, असतील तर उत्तम चालतं, पण मग होस्टच्या टॉपमध्ये तो व्हीसीपीयू कायम शंभर टक्के दिसतो, खाली कोअर गाढ झोपलेला असला तरी. अशा ठिकाणी टॉपवर विश्वास ठेवू नका, टर्बोस्टॅट बघा. चार कोअरच्या असेंबल डब्यावर मात्र या वाटेला जाऊच नये, राखीव ठेवायला कोअर आहेत कुठे? आणि ‘आयडल=पोल’ कुणी सुचवलं तर ऐकून सोडून द्या.

परत परत का येतं

दुरुस्ती करून गेल्यावर काही महिन्यांनी तोच फोन येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असतं, चुकीचा ओएसटाइप. मशीन नवं असतं, पण जन्म जुन्याच टेम्प्लेटमधून. क्लोन करताना ओएसटाइपसकट सगळं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं उतरतं. किंवा डिस्क गेली म्हणून दुरुस्तीच्या आधीचा बॅकअप रिस्टोअर केलेला असतो. प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये मशीनचं कॉन्फिगरेशनही असतं, त्यामुळे ‘अदर’ही मुकाट परत येतो. तिसरी वाट विंडोज अपग्रेडची: ओएसटाइप विन७ वर होता, आतलं विंडोज दहा झालं, बाहेर कुणी कळवलंच नाही. अशा वेळी शोकमांडमध्ये ती चार नावं आहेत का ते बघून घ्या.

त्यामुळे चालू मशीन दुरुस्त केल्यावर टेम्प्लेट दुरुस्त करा, आणि लगेच एक नवा बॅकअप घ्या. आणि होस्टवर लॉगिन झालात की दुसरं काही करण्याआधी ‘ग्रेप ओएसटाइप /ईटीसी/पीव्हीई/क्यूएमू-सर्व्हर/*.कॉन्फ’ एवढी एक ओळ चालवा. सगळी मशिनं एकाखाली एक येतात. विंडोज मशीनपुढे ‘अदर’ किंवा ‘एल२६’ दिसलं, की आलेख उघडून बघायचीही गरज पडत नाही. ज्या मशीनची ओएसटाइपची ओळच यादीत नाही, तेही ‘अदर’च समजायचं.